तीन चाकांची बाबागाडी : घेण्यापूर्वी थोडे गणित

अशी कल्पना करा की, तुमच्या ताईचे बाळ आता आठ महिन्यांचे झाले आहे आणि त्याच्यासाठी बाबागाडी घ्यायची असे घरात ठरले आहे. दुकानात दोन गाड्या शेजारी शेजारी मांडलेल्या आहेत. एक नेहमीची, चार छोट्या चाकांची. दुसरीला पुढे एक आणि मागे दोन अशी तीनच चाके आहेत. पण ती मोठी, सायकलीच्या चाकांसारखी हवा भरलेली आहेत. दुकानदार ती एका बोटाने ढकलून दाखवतो. आजी म्हणते, "तीन चाकांची नको गं बाई, कलंडेल." मामा म्हणतो, "छे, उलट हीच जास्त पक्की!"

दोघांपैकी बरोबर कोण?

गंमत अशी की, दोघेही बरोबर आहेत. कारण दोघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत. मामा बोलतो आहे डुगडुगण्याबद्दल आणि आजी बोलते आहे कलंडण्याबद्दल. तीन चाकांची गाडी डुगडुगत नाही, पण तेवढ्याच रुंदीच्या चार चाकांच्या गाडीपेक्षा ती लवकर कलंडू शकते. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळला, त्याला बाबागाडी निवडता येईल. आणि हे कळायला तुमच्या शाळेतली भूमिती पुरेशी आहे. गाडीत बसणारे बाळ स्वतःला सावरू शकत नाही, पडताना हात पुढे करू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने हे गणित मोठ्यांनी करायचे असते.

चूल, तिवई आणि पांगुळगाडा

शेतावर चूल मांडायची झाली तर आपण किती दगड घेतो? तीन. जमीन कितीही उंचसखल असो, तीन दगडांवर भांडे डुगडुगत नाही. तिवईला पायही तीनच असतात. छायाचित्रकाराचा कॅमेरा तिपाईवर असतो. याउलट चार पायांचा चौरंग थोड्या उंचसखल फरशीवर ठेवला की डुगडुगू लागतो आणि मग आपण एका पायाखाली कागदाची घडी सारतो.

असे का व्हावे? भूमिती सांगते की, एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते. म्हणजे तीन पाय असले की ते तिन्ही जमिनीला टेकणारच. चौथा बिंदू मात्र त्याच प्रतलात असेल याची काहीच हमी नसते. चार चाकांची ताठ सांगाड्याची गाडी खडबडीत रस्त्यावरून जाते तेव्हा एखादे चाक क्षणभर अधांतरी राहते, मग आपटते. तेवढ्यात दुसरे उचलले जाते. बाळाला बसणाऱ्या हिसक्यांपैकी बरेच असे येतात. चांगल्या चारचाकी गाडीत स्प्रिंगा किंवा थोडा लवचीक सांगाडा असतो, तो चाके जमिनीला टेकलेली राहावीत म्हणूनच.

आपल्याकडचा पांगुळगाडा तुम्ही पाहिला असेल. चालायला शिकणारे मूल ज्याचा दांडा धरून पुढे ढकलते, त्या लाकडी गाड्याला तीन चाके असतात. अंगण शेणाने सारवलेले असो की फरशीचे, तीन चाके टेकलेली राहतात. मामाचे म्हणणे सुताराला फार पूर्वीपासून माहीत होते म्हणायचे.

मग कलंडते कशी?

आता आजीची बाजू पाहू. कोणतीही वस्तू केव्हा कलंडते? वस्तू जेथे जेथे जमिनीला टेकते ते बिंदू जोडले की एक आकृती तयार होते. तिला आधाराचे क्षेत्र म्हणू. वस्तूच्या गुरुत्वमध्यातून एक ओळंबा खाली सोडला आहे असे समजा. ओळंब्याचे टोक या क्षेत्राच्या आत आहे तोवर वस्तू उभी राहते. ते क्षेत्राच्या बाहेर गेले की वस्तू कलंडते.

चार चाकांच्या गाडीचे आधाराचे क्षेत्र आयत असते आणि तीन चाकांच्या गाडीचे त्रिकोण. वहीत एक आयत काढा : रुंदी ६० सेंटिमीटर, लांबी ९० सेंटिमीटर (दहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर असे प्रमाण घ्या). त्याच पायावर, तेवढ्याच उंचीचा समद्विभुज त्रिकोण काढा. त्रिकोणाचे क्षेत्रफळ आयताच्या निम्मे आहे हे लगेच दिसेल. आयताच्या पुढच्या दोन कोपऱ्यांतला भाग तीन चाकांच्या गाडीत कापला गेला आहे. म्हणून ही गाडी सरळ बाजूला नव्हे, तर पुढच्या बाजूला तिरपी कलंडण्याचा संभव अधिक असतो.

थोडे आकडे मांडू. मागच्या दोन चाकांतले अंतर ६० सेंमी, मागच्या आसापासून पुढचे चाक ९० सेंमी. बाळासह गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी उंच आणि मागच्या आसाच्या ३० सेंमी पुढे आहे असे समजा. या ठिकाणी त्रिकोणाची रुंदी ४० सेंमी भरते. म्हणजे मध्यरेषेपासून कडेपर्यंत २० सेंमी आणि तिरप्या बाजूवर काढलेला लंब सुमारे १९ सेंमी. १९ ला ५० ने भागा : ०.३८. हे ज्या कोनाचे टॅन गुणोत्तर आहे तो कोन जवळजवळ २१ अंश. आयताच्या बाबतीत हेच अंतर ३० सेंमी आणि कोन ३१ अंश. रुंदी तीच, उंची तीच, तरी दहा अंशांचा फरक पडला. आजी उगाच घाबरत नव्हती!

वजन नेमके कोठे असावे?

पण थांबा. गुरुत्वमध्य ३० सेंमी पुढे आहे हे आपण गृहीत धरले होते. तो मागे आणला तर? त्रिकोण मागे रुंद आहे, म्हणजे बाजूला कलंडण्याचे भय कमी होईल. गुरुत्वमध्य आसाच्या अवघा १५ सेंमी पुढे ठेवला, तर तिरप्या बाजूपासूनचे अंतर १९ ऐवजी जवळजवळ २४ सेंमी होते. पण आता मागे कलंडायला फक्त १५ सेंमी उरले! एका बाजूने मिळवले ते दुसऱ्या बाजूने घालवले.

मग उत्तम जागा कोणती? तिन्ही बाजूंपासून सारख्या अंतरावर असलेली. असा बिंदू तुम्हांला भूमितीत भेटलेला आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांचे दुभाजक जेथे मिळतात तो, म्हणजेच अंतर्वर्तुळाचा मध्य. आपल्या त्रिकोणात तो मागच्या आसापासून २१.६ सेंमी पुढे येतो आणि तिन्ही बाजू त्यापासून २१.६ सेंमीवर असतात. त्या ठिकाणी गुरुत्वमध्य असेल तर गाडी कोणत्याही बाजूला कलंडायला साधारण २३ अंशांचा उतार लागेल. म्हणून चांगल्या तीनचाकी गाडीत बाळाची बैठक बरीच मागे, मागच्या आसाजवळ असते आणि पुढचे चाक लांब पुढे काढलेले असते. बैठक गाडीच्या अगदी मध्यावर किंवा पुढे सरकलेली दिसली तर ती गाडी बाजूला ठेवावी.

दुसरी गोष्ट उंचीची. तीच गाडी, पण गुरुत्वमध्य ५० ऐवजी ४० सेंमी उंचीवर आणला, तर २३ अंशांचे २८ अंश होतात. बैठक जितकी खाली तितकी गाडी पक्की. बाळ मोठ्यांच्या चेहऱ्याजवळ यावे म्हणून उंच बैठकीच्या गाड्या निघतात. त्या दिसायला छान असल्या तरी तीन चाकांवर त्यांची किंमत स्थैर्यात मोजावी लागते.

वजनकाट्याने गुरुत्वमध्य शोधा

हे सारे कागदावर झाले. खऱ्या गाडीचा गुरुत्वमध्य कसा शोधायचा? माणसाचे वजन करायचा एक सपाट काटा त्यासाठी पुरे. बाळाऐवजी बाळाच्या वजनाइतकी तांदळाची पिशवी बैठकीत पट्ट्याने बांधा. आधी गाडीचे एकूण वजन काढा. समजा, ते २० किलो भरले. मग फक्त पुढचे चाक काट्यावर ठेवा आणि मागच्या चाकांखाली काट्याच्या उंचीइतक्या फळ्या सारा, म्हणजे गाडी समपातळीत राहील. काट्यावर आता जे वजन दिसेल त्याला एकूण वजनाने भागा आणि पुढच्या चाकाच्या मागच्या आसापासूनच्या अंतराने गुणा. काटा ४.८ किलो दाखवत असेल तर ४.८ ÷ २० × ९० = २१.६ सेंमी. गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या तितका पुढे आहे. हा तरफेचाच नियम आहे. मागचा आस हा टेकू.

म्हणजे स्थिर गाडीत पुढच्या चाकावर एकूण भाराच्या साधारण पाव भाग येतो. काटा एकूण वजनाच्या एकदशांशच दाखवत असेल तर गाडी मागे उलटण्याची भीती आहे. तो निम्मे वजन दाखवत असेल तर ती बाजूला कलंडण्याची भीती आहे.

दांड्याला टांगलेली पिशवी

मंडईतून येताना भाजीची पिशवी गाडीच्या दांड्याला अडकवली जाते. यात काय बिघडते ते पाहा. दांडा मागच्या आसाच्या ३० सेंमी मागे आणि जमिनीपासून १०० सेंमी उंच आहे असे धरू. पिशवी ५ किलोची. आता नवा गुरुत्वमध्य काढा.

पुढचे-मागचे अंतर : (२० × २१.६ − ५ × ३०) ÷ २५ = ११.३ सेंमी.

उंची : (२० × ५० + ५ × १००) ÷ २५ = ६० सेंमी.

गुरुत्वमध्य एकाच वेळी मागेही गेला आणि वरही चढला. मागे कलंडायला पूर्वी २३ अंशांचा चढ लागत होता, आता ११ अंशही लागत नाहीत. पाच मीटरला एक मीटर चढणारा रस्ता ११ अंशांहून थोडा अधिकच असतो. दुकानाच्या पायरीला टेकवलेली फळी सहज इतकी तिरपी असते. अशा फळीवर क्षणभर हात सुटला तर गाडी बाळासह मागे उलटेल.

तीच पिशवी बैठकीखालच्या टोपलीत ठेवा, जमिनीपासून २० सेंमीवर आणि आसाच्या १५ सेंमी पुढे. आता अंतर २०.३ सेंमी, उंची ४४ सेंमी आणि कोन जवळजवळ २५ अंश. पिशवी तीच, वजन तेच, पण गाडी पूर्वीपेक्षाही पक्की झाली! म्हणून गाडी घेताना खाली टोपली आहे की नाही हे पाहा आणि घरी आल्यावर दांड्याला काही न टांगण्याचा नियम करा. हलक्या गाडीत तर बाळाला उचलून घेताच गाडी पिशवीच्या भाराने मागे पडते.

धावणाऱ्यांसाठी निघालेली गाडी

बाबागाडीचा इतिहास मोठा मजेदार आहे. इंग्लंडमध्ये १७३३ साली विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी तयार केली. ती माणसाने ढकलायची नसून बकरीने किंवा लहान तट्टाने ओढायची होती. पुढे १९६५ साली ओवेन मॅक्लॅरेन या ब्रिटिश विमान-अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानांची चाके उड्डाणानंतर पंखात मिटून जात. त्या रचनेवर त्याने काम केले होते. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची ही गाडी तीन किलोहूनही हलकी होती.

आज दिसणारी मोठ्या चाकांची तीनचाकी मात्र अमेरिकेतून आली. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा या गावी १९८० च्या सुमारास फिल बेक्लर या गृहस्थांना आपल्या लहान मुलाला घेऊन धावायला जायचे होते. नेहमीच्या गाडीची छोटी चाके त्या कामी पडेनात. त्यांनी जुन्या बाबागाडीला सायकलीची चाके बसवली आणि १९८४ साली अशा गाड्यांचा व्यवसाय सुरू केला. म्हणजे ही गाडी जन्मली ती मोकळ्या रस्त्यावर सरळ धावण्यासाठी. हे लक्षात ठेवले की तिचे गुण आणि दोष दोन्ही कळतात.

वळणाचे उदाहरण घ्या. वळताना गाडीला बाहेरच्या बाजूला कलंडवणारा परिणाम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १.२ मीटर या चालण्याच्या वेगाने दोन मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर हा परिणाम वजनाच्या सुमारे ७ टक्के असतो. त्याने काही होत नाही. पण सेकंदाला ३ मीटर या धावण्याच्या वेगाने तेच वळण घेतले तर? वेग अडीचपट, परिणाम सव्वासहापट, म्हणजे वजनाच्या ४६ टक्के. आपल्या उत्तम रचलेल्या तीनचाकीची मर्यादाही जवळजवळ तेवढीच आहे. चारचाकीची मर्यादा ६० टक्के. आणि उतारावर वळताना ब्रेक दाबला तर भार पुढे आणि बाहेर, म्हणजे नेमका कापलेल्या कोपऱ्याकडे झुकतो. रिक्षाचालक वळणावर वेग कमी करतो तो याच कारणाने.

रिक्षाचा आणखी एक धडा आहे. चार चाकांची गाडी रस्त्यावर दोन रेघा उमटवते, तीन चाकांची तीन. दोन चाकांमध्ये खड्डा घेऊन जावे म्हटले तर तिसरे चाक नेमके त्यात जाते!

मोठे चाक कशासाठी?

फरशीच्या तीन सेंटिमीटर उंच कडेवर चाक चढवायचे आहे. सरळ पुढे ढकलून ते चढवायला किती जोर लागतो? चाकाची त्रिज्या आणि कडेची उंची यांवरून पायथागोरसच्या सिद्धान्ताने हे काढता येते. चाकाचा मध्य कडेच्या टोकापासून आडव्या दिशेने जितका दूर, त्याला तो टोकापेक्षा जितका उंच आहे त्याने भागायचे. साडेसात सेंमी त्रिज्येच्या छोट्या चाकाला हे उत्तर ६ ÷ ४.५ = १.३३ येते. म्हणजे त्या चाकावर जितका भार असेल त्याच्या सव्वापटीहून अधिक जोर लागेल. १५ सेंमी त्रिज्येच्या चाकाला ९ ÷ १२ = ०.७५, म्हणजे भाराच्या पाऊणपट. चाक दुप्पट झाले आणि श्रम निम्म्याच्या जवळ आले. कडेची उंची चाकाच्या त्रिज्येइतकी झाली तर कितीही ढकलले तरी चाक चढणार नाही. दांडा दाबून पुढचे चाक उचलावेच लागेल.

हवा भरलेल्या टायरची कथाही तीन चाकांशीच जोडलेली आहे. बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप हा धंद्याने पशुवैद्य. आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला फार हिसके बसतात म्हणून त्याने रबराच्या नळीत हवा भरून ती चाकांवर चढवली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. (रॉबर्ट थॉमसन याने ही कल्पना त्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी नोंदवली होती, पण ती मागे पडली होती.) हवेचा टायर छोट्या खड्यावर स्वतः दबतो, सगळी गाडी उचलू देत नाही. मात्र तो पंक्चर होतो, आणि त्यातली हवा कमी झाली की गाडी जड चालते. एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी त्या बाजूला ओढते. घरात सायकलीचा पंप नसेल तर भरीव टायर बरा.

फिरते चाक आणि निखळणारे चाक

पुढचे चाक दोन प्रकारचे असते. एक, खुर्चीच्या चाकासारखे आपोआप फिरणारे. दुकानात, गर्दीत, अरुंद गल्लीत हे सोयीचे. पण वेग वाढला की असे चाक डावीउजवीकडे थरथरू लागते, आणि खड्ड्यात गेले की एकदम आडवे होते. दुसरे, सरळ जखडलेले. ते धावताना किंवा खडबडीत वाटेवर बरे. पण वळायला दर वेळी दांडा दाबून चाक उचलावे लागते. चांगल्या गाडीत एक खटका असतो. त्याने चाक हवे तेव्हा फिरते आणि हवे तेव्हा जखडते. खटका नीट बसतो ना, हे स्वतः हाताने पाहा.

पुढचे चाक पटकन काढता यावे अशीही सोय काही गाड्यांत असते. ती सोय घातकही ठरू शकते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ साली एका कंपनीविरुद्ध याच कारणाने तक्रार दाखल केली. नीट न आवळलेले पुढचे चाक चालता चालता निखळल्याची सुमारे २०० प्रकरणे त्यात होती आणि मुले व मोठी माणसे जखमी झाली होती. चारचाकीचे एक चाक निखळले तर तीन उरतात. तीनचाकीचे पुढचे चाक निखळले की गाडी नाकावर आपटते. म्हणून बाहेर पडण्यापूर्वी दर वेळी पुढचे चाक धरून हलवून पाहायचे.

ब्रेक : न दिसणारा उतार

शंभर मीटरला दोन मीटर एवढा उतार डोळ्यांना जाणवतही नाही. पण २० किलोच्या गाडीला तो ४०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने खाली ओढत असतो. चाके चांगली हलकी फिरणारी असतील, तर त्यातला निम्मा जोर घर्षणात गेला असे धरले तरी गाडी पाच सेकंदांत सव्वा मीटर पुढे जाते. चाक जितके उत्तम, तितका हा धोका मोठा! दुकानदार एका बोटाने गाडी ढकलून दाखवतो तेव्हा हेही आठवावे.

ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळच्या ॲशबर्टन स्थानकावर एका आईचा हात बाबागाडीवरून क्षणभर सुटला. गाडी फलाटावरून घरंगळत थेट रुळांवर पडली आणि समोरून आलेल्या आगगाडीने तिला फरफटत नेले. सहा महिन्यांचे ते बाळ गाडीत पट्ट्यांनी बांधलेले होते. केवळ किरकोळ दुखापतीवर ते वाचले. स्थानकावरच्या कॅमेऱ्यात टिपलेले ते दृश्य जगभर दाखवले गेले. आईची चूक म्हणून हे सोडून देऊ नका. उभे राहताच ब्रेक लावायचा, मग उतार दिसो वा न दिसो, ही सवय त्या दृश्याने शिकवली. ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागावा, पायाने सहज दाबता यावा आणि लावल्यावर गाडी जोराने ढकलूनही चाके फिरू नयेत. धावायच्या गाडीला दांड्यापासून मनगटात अडकवायचा पट्टाही असावा.

बाळाच्या बाजूने

नवजात बाळाच्या शरीराची सुमारे पाव लांबी डोक्यानेच व्यापलेली असते. मानेचे स्नायू मात्र कोवळे असतात. मान धरायला तीन-चार महिने आणि आधाराशिवाय बसायला साधारण सहा महिने लागतात. तोपर्यंत गाडीची बैठक जवळजवळ आडवी होणारी हवी. बाळाला घेऊन धावण्याचा विचार सहा महिन्यांपूर्वी करूच नये, आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच करावा. पट्टे पाच ठिकाणी अडकणारे हवेत : दोन खांद्यांवर, दोन कमरेशी, एक पायांमध्ये. फक्त कमरेचा पट्टा असेल तर बाळ खाली घसरते.

आणखी दोन गोष्टी. गाडी मिटताना बिजागरीत लहान बोट सापडू शकते. अशा अपघातांमुळे २००९ साली अमेरिकेत सुमारे दहा लाख मिटणाऱ्या गाड्यांना बिजागरीवर झाकणे पुरवावी लागली. गाडी उघडताना-मिटताना मूल जवळ नको. दुसरे, ऊन लागते म्हणून टपावरून जाड कापड सोडून गाडी बंद करू नका. आतली हवा खेळती राहत नाही आणि बाहेरच्यापेक्षा आत अधिक तापते. सावलीतून जावे हे उत्तम.

मग कोणती घ्यावी?

आता आपण दुकानात परत येऊ. आजी आणि मामा अजून वाद घालत आहेत. त्यांना तुम्ही एक प्रश्न विचारा : "गाडी चालवायची कोठे?"

वाट खडबडीत, मातीची, गवताची असेल आणि रोज लांब फिरायला जायचे असेल, तर मोठ्या चाकांची तीनचाकी चांगली. अट एवढीच की बैठक खाली आणि मागे असावी, मागची चाके रुंद लावलेली असावीत आणि पुढच्या चाकाला जखडायचा खटका असावा. घर तिसऱ्या मजल्यावर असेल, लिफ्ट नसेल, रोज बसने जायचे असेल, तर दहा-अकरा किलोची तीनचाकी उचलून आईची कंबर दुखेल. तिथे हलकी, मिटणारी चारचाकी बरी. गाडीची रुंदी मोजा आणि घराच्या, लिफ्टच्या दाराची रुंदी मोजून मगच पैसे द्या. आणि जिथे पदपथच धड नाही, तिथे कडेवरचे बाळ कोणत्याही गाडीतल्या बाळापेक्षा सुरक्षित असते, हेही विसरू नका.

करून पाहा

१. पुठ्ठ्याचा ६ सेंमी पायाचा व ९ सेंमी उंचीचा समद्विभुज त्रिकोण कापा. तिन्ही कोपऱ्यांखाली बाटलीची सारख्या उंचीची बुचे चिकटवा. एका फळीला खरकागद लावून त्यावर ही 'गाडी' ठेवा. काड्यापेटीत वाळू भरून ती त्रिकोणावर उभी चिकटवा. आधी अंतर्वर्तुळाच्या मध्यावर, मग थोडी पुढे, मग थोडी मागे. दर वेळी फळी हळूहळू तिरपी करा आणि गाडी कोणत्या कोनाला, कोणत्या बाजूला कलंडते ते कोनमापकाने मोजून लिहा. गाडीचे तोंड फळीवर वेगवेगळ्या दिशांना वळवूनही पाहा.

२. मागच्या चाकांतले अंतर ६० ऐवजी ७० सेंमी केले आणि लांबी ९० सेंमीच ठेवली, तर अंतर्वर्तुळाचा मध्य मागच्या आसापासून किती अंतरावर येईल? गाडी किती अंशांपर्यंत उभी राहील?

३. तुमच्या आळीत कोणाकडे बाबागाडी असेल तर त्यांच्या परवानगीने, बाळ गाडीत नसताना, तिचा ब्रेक, पट्टे, पुढचे चाक आणि टायरमधली हवा तपासा. दांड्याला पिशवी टांगलेली दिसली तर वरचे गणित त्यांना करून दाखवा. तुमच्या त्या पाच मिनिटांनी एखाद्या बाळाचे पडणे टळेल.